पुराच्या पाण्यात इंजिन मंदावते तेव्हा : होडीवरील सेन्सर काय सांगतात, काय सांगत नाहीत

नोएडा : दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलाजवळ १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. तेथील धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे आणि त्याआधीचा उच्चांक १९७८ मधील २०७.४९ मीटरचा होता. पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पूर्व काठावर वसलेल्या नोएडातही सखल भागातील शेते आणि गोठे पाण्याखाली गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या गाझियाबाद येथील आठव्या बटालियनने होड्या उतरवून माणसांबरोबर जनावरांचीही सुटका केली. त्यांत सुमारे १ कोटी रुपये किमतीचा म्हणून गाजलेला ‘प्रीतम’ हा वळूही होता.

अशा प्रसंगी होडीतील सर्वांचा जीव तिच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनावर अवलंबून असतो. ते इंजिन ऐन प्रवाहात शिटी वाजवू लागले आणि वेग घेईनासे झाले, तर चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो इंजिन बिघडल्याचा. नव्या पिढीच्या फ्युएल इंजेक्शन इंजिनांच्या बाबतीत हा विचार पुष्कळदा चुकीचा ठरतो. इंजिन बिघडलेले नसते. ते बिघडू नये म्हणून त्याच्या नियंत्रक संगणकाने स्वतःहून वेग रोखलेला असतो. हा निर्णय तो सेन्सरनी दिलेल्या माहितीवरून घेतो. ती माहिती कशी जमा होते, तिचा अर्थ कसा लावायचा आणि तिच्यावर कुठवर विसंबायचे, हे समजून घेणे म्हणूनच केवळ मेकॅनिकचे काम उरलेले नाही.

जलमार्ग वाढत आहेत

देशातील अंतर्गत जलवाहतुकीचा कारभार पाहणाऱ्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाचे मुख्यालय नोएडाच्या सेक्टर १ मध्ये आहे. हे प्राधिकरण २७ ऑक्टोबर १९८६ रोजी स्थापन झाले. २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ वर गेली. यमुना हा त्यांपैकी ११० क्रमांकाचा जलमार्ग आहे. गोव्यातील मांडवी ६८ क्रमांकाचा आणि झुआरी १११ क्रमांकाचा, तर रायगड जिल्ह्यातील अंबा नदी १० क्रमांकाचा जलमार्ग आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नौकांची नोंदणी, तपासणी आणि चालकांची पात्रता यांसाठी देशभर एकसमान चौकट आणली. पर्यटन, गस्त आणि बचावकार्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान होड्यांवरही आता संगणक-नियंत्रित इंजिने दिसू लागली आहेत.

रस्त्यावर हा बदल आधीच घडून गेला आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मात्र रस्त्यावरची दुचाकी बंद पडली तर ती बाजूला घेता येते. प्रवाहात बंद पडलेली होडी पाणी नेईल तिकडे जाते.

हवेचा हिशेब

पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी त्याच्या प्रत्येक १ ग्रॅमला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याहून किंचित कमी हवा पुरते. कार्बोरेटर हे प्रमाण हवेच्या झोताने आणि बारीक छिद्रांच्या मापाने साधतो. हवामान बदलले किंवा छिद्रात कचरा अडकला, की त्याचा हिशेब चुकतो आणि तो चुकल्याचे त्याला कळतही नाही.

फ्युएल इंजेक्शनमध्ये हा हिशेब संगणक करतो. ईसीयू या नावाने ओळखला जाणारा हा संगणक इंजिनात किती हवा गेली याचा अंदाज घेतो आणि तेवढ्याला पुरेल इतकाच वेळ इंजेक्टर उघडतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरा होतो. फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांचे असते. म्हणजे मोजमाप, हिशेब, इंधनाचा फवारा आणि ठिणगी हे सारे ५० चक्रांसाठी प्रत्येक सेकंदाला नव्याने जुळवावे लागते. हे साधण्यासाठी संगणकाला डोळे, कान आणि त्वचा यांची गरज असते. ते काम सेन्सर करतात.

सेन्सरची नावे आणि संख्या इंजिनागणिक बदलते. परंतु ‘हा सेन्सर निकामी झाला तर काय होईल’ या एका प्रश्नाने त्यांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट : ज्यांच्यावाचून इंजिन चालत नाही

या गटात मुख्य आहे तो क्रँकशाफ्टच्या स्थितीचा सेन्सर. फ्लायव्हीलवर ठरावीक अंतराने दाते असतात आणि एखाद्या ठिकाणी मुद्दाम एक-दोन दाते गाळलेले असतात. दाता सेन्सरसमोरून गेला की विद्युत स्पंद उमटतो. गाळलेली जागा आली की संगणकाला फेऱ्याचा आरंभ कळतो. स्पंद किती वेगाने येतात यावरून इंजिनाचा वेग समजतो. इंजेक्टर केव्हा उघडायचा आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे या एका माहितीवर ठरते. तिला पर्याय नसतो. हा सेन्सर गप्प झाला, त्याची तार तुटली किंवा दात्यांपासूनचे अंतर बदलले, तर स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. चालू असलेले इंजिन एकाएकी बंद पडते.

इंजिन सुरू होत नसेल तेव्हा या सेन्सरकडे वळण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी लागते. चालकाच्या मनगटाला बांधलेली सुरक्षा-दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे ना? चालक पाण्यात पडला तर इंजिन थांबावे यासाठी ती असते. क्लिप निघाली की ठिणगी बंद होते आणि लक्षण मात्र बिघाडासारखेच दिसते.

बॅटरीचेही तसेच. लहान आकाराची काही इंजेक्शन इंजिने दोरी ओढून, बॅटरीशिवाय सुरू होतात. त्यांना लागणारी वीज फ्लायव्हीलच तयार करते. मोठ्या इंजिनांना मात्र बॅटरी अनिवार्य असते. तिचा दाब घसरला किंवा अर्थिंगच्या तारेला गंज चढला, तर संगणक एकाच वेळी अनेक सेन्सरविषयी तक्रार करू लागतो. एकदम चार-पाच दोष दिसले, तर चार-पाच सेन्सर एकत्र बिघडण्यापेक्षा त्यांना मिळणारी वीज बिघडलेली असण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा गट : ज्यांच्या जागी संगणक अंदाज वापरतो

हवेचे वजन थेट करण्याऐवजी बहुतेक होडी-इंजिने ते हिशेबाने काढतात. त्यासाठी आत येणाऱ्या हवेच्या नळीतील दाब आणि त्या हवेचे तापमान मोजले जाते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. नोएडा समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. तेथे पावसाळ्यात तो ९८ च्या आसपास येतो. लडाखमधील पँगाँग सरोवर ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथे हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो. कार्बोरेटरचे इंजिन तेथे नेले तर त्याचे छिद्र बदलावे लागते. दाब मोजणारा सेन्सर असलेले इंजिन आपले इंधन आपणच कमी करते.

थ्रॉटल किती उघडला आहे हे सांगणारा सेन्सर याच गटातला. त्याला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. थ्रॉटल बंद असताना तो साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चार व्होल्टच्या वर उत्तर देतो. मधला चढ सलग असावा लागतो. एखाद्या ठिकाणी आकडा उडी मारत असेल, तर होडी नेमक्या त्याच वेगाला गचके देते. मोठ्या इंजिनांत थ्रॉटलला तार नसून विद्युत मोटर असते. तेथे दोन स्वतंत्र मोजण्या होतात आणि त्या जुळल्या नाहीत तर संगणक वेग वाढवण्याचे नाकारतो.

इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर हा एक प्रकारचा रोधक असतो. तो तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त इंधन लागते, ते याच्या सांगण्यावरून दिले जाते. त्याने चुकून ‘इंजिन अतिशय थंड आहे’ असे सांगितले, तर गरम इंजिनातही जादा पेट्रोल ओतले जाते, काळा धूर येतो आणि प्लग भिजतात.

या गटातील सेन्सर पूर्ण गप्प झाला, तर संगणक एक ठरावीक आकडा गृहीत धरतो. इंजिन चालते, पण खडखडत आणि जास्त इंधन पीत. तेवढ्यावर होडी काठाला आणता येते. तो अर्धवट चुकीचे सांगू लागला, तर मात्र संगणक त्यावर विश्वास ठेवतो. गप्प सेन्सरपेक्षा खोटे बोलणारा सेन्सर अधिक त्रास देतो, तो यामुळेच.

तिसरा गट : राखणदार

इंजिन अतितप्त होणे, तेलाचा दाब घसरणे, थंड करणाऱ्या पाण्याचा दाब कमी होणे आणि इंधनात पाणी मिसळणे यांवर पाळत ठेवणारे सेन्सर तिसऱ्या गटात येतात. ते इंधनाचा हिशेब करत नाहीत; धोका दिसला की सूचना देतात. मग शिटी वाजते, दिवा लागतो आणि संगणक काही ठिणग्या किंवा इंधनाचे काही फवारे गाळून वेग कमी करतो. पुष्कळ इंजिनांत तो मिनिटाला २,००० ते ३,००० फेऱ्यांच्या आसपास रोखला जातो. मेकॅनिकांच्या बोलीत याला ‘लिंप मोड’ म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना, घरी पोहोचण्याची सोय.

आउटबोर्ड इंजिनाला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यात चालते तेच पाणी रबरी पात्यांच्या पंपाने वर खेचून स्वतःला थंड करते आणि त्यातील थोडे पाणी मागच्या बाजूने बारीक धारेच्या रूपाने बाहेर टाकते. ही धार म्हणजे चालकाच्या डोळ्यांनी वाचता येणारा सर्वांत जुना सेन्सर. नदीच्या पुरात गाळ, जलपर्णी, कापड आणि प्लास्टिकच्या पिशव्या वाहत येतात. शहरातून वाहणाऱ्या यमुनेत आणि हिंडनमध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते. पिशवी पाणी खेचणाऱ्या जाळीवर चिकटली, की काही मिनिटांत तापमान चढते. अशा वेळी तापमानाचा सेन्सर खरेच बोलत असतो. तो बदलून काहीही साधणार नाही. जाळी मोकळी करावी लागेल.

साठवलेल्या पेट्रोलचा प्रश्न

इंधनातील पाण्याचा मुद्दा भारतात आता विशेष महत्त्वाचा झाला आहे. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल देशभर उपलब्ध झाले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. मर्यादेपलीकडे पाणी मिसळले गेले, की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिन तळातूनच इंधन ओढत असते.

रोज फिरणाऱ्या दुचाकीला याचा फारसा उपद्रव होत नाही, कारण तिची टाकी लवकर रिकामी होते. पूरबचावाची होडी मात्र आठ-नऊ महिने गोदामात पडून असते आणि पहिल्या पुराच्या रात्री तिने पहिल्याच झटक्यात सुरू व्हावे अशी अपेक्षा असते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळाशी बसवलेला सेन्सर याच क्षणी उपयोगी पडतो. त्याची सूचना आली तर फिल्टरचे भांडे रिकामे करायचे असते. मात्र टाकीच्या तळाशी पाणी असेल तर ते पुन्हा भरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी जुने पेट्रोल काढून ताजे भरणे हाच खरा उपाय आहे.

कोड बोट दाखवतो, निदान करत नाही

दोष आढळला की संगणक त्याचा क्रमांक स्मृतीत नोंदवतो. हा क्रमांक दिव्याच्या उघडझापीतून, डॅशबोर्डच्या पडद्यावर किंवा निदान-यंत्र जोडून वाचता येतो. होड्यांवरील पडदे आणि इंजिने एकमेकांशी जोडण्यासाठी एनएमईए २००० हे समान मानक आहे. पण सखोल निदानासाठी लागणारी उपकरणे आजही बहुतांशी त्या त्या कंपनीचीच असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ती मिळतीलच असे नाही.

‘तापमान सेन्सर : दाब कमी’ असा कोड आला, की नवा सेन्सर मागवण्याचा मोह होतो. वास्तविक कोड एका विद्युत मार्गाकडे बोट दाखवतो. त्या मार्गावर सेन्सर असतो, तशीच तार, जोडणी, अर्थिंग आणि संगणकाची पिनही असते. होडीत ओलावा आणि कंपन या दोन्ही गोष्टी सततच्या असतात. कोकणात आणि गोव्यात त्यात खाऱ्या हवेची भर पडते. म्हणून तपासणीचा क्रम आधी जोडणी उघडून हिरवट गंज पाहणे, मग तार आणि अर्थिंग, मग सेन्सरचा रोध मोजणे आणि सर्वांत शेवटी सुटा भाग बदलणे असा ठेवावा लागतो.

सेन्सर खरे बोलतो की खोटे, हे ओळखण्याची एक सोपी पद्धत रात्रभर बंद असलेल्या इंजिनावर वापरता येते. सकाळी इंजिन सुरू न करता केवळ वीज चालू करावी. आत येणारी हवा आणि इंजिन या दोहोंचे तापमान त्या क्षणी बाहेरच्या तापमानाएवढेच दिसायला हवे. नळीतील दाब त्या ठिकाणच्या वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास आणि नोएडात त्याहून थोडा कमी असायला हवा. थ्रॉटलचा आकडा बंद स्थितीचा असावा. यांपैकी एखादाच आकडा वेगळा सूर लावत असेल, तर शंका तेथूनच सुरू करावी. या तपासणीला पडद्यावरचे आकडे वाचण्यापलीकडे काही लागत नाही आणि पाच मिनिटे पुरतात.

प्रवाहात असताना

शिटी वाजताच पहिली कृती म्हणजे थ्रॉटल कमी करणे आणि मागे वळून पाण्याची धार पाहणे. धार नसेल, तर होडी झाडाला, खांबाला किंवा नांगराला सुरक्षित करून, शक्य तेव्हाच इंजिन बंद करून वर उचलावे आणि जाळी मोकळी करावी. धार व्यवस्थित असेल, तर तेलाची पातळी पाहावी. पाण्याची सूचना इंधनाविषयी असेल, तर फिल्टर रिकामा करावा. दोन वल्ही होडीत असायलाच हवीत. संगणक कितीही हुशार असला तरी तो वल्ह्यांची जागा घेत नाही.

सर्वांत धोकादायक ठरते ती शिटी थांबावी म्हणून इंजिन पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्याची सवय. बंद-चालू केल्याने काही इंजिनांतील वेगमर्यादा तात्पुरती उठते आणि सर्व ठीक झाल्याचा भास होतो. मूळ कारण तसेच राहिलेले असते. पाण्याविना किंवा तेलाविना पूर्ण वेगाने चाललेले इंजिन काही मिनिटांत जखडते, आणि मग लंगडत परतण्याचा मार्गही उरत नाही. मंद वेगात होडी जात असेल, तर तिला प्रवाहाशी झुंजवण्यापेक्षा तिरक्या दिशेने जवळच्या काठाला लावणे अधिक शहाणपणाचे असते.

दुसऱ्या बाजूने, राखणदार सेन्सरची शिटी त्रासदायक वाटते म्हणून त्याची तार काढून ठेवण्याचे प्रकारही बंद व्हायला हवेत. तार काढलेल्या सेन्सरने धोका कमी होत नाही. फक्त तो सांगणारा कोणी राहत नाही.

जे कोणताही सेन्सर मोजत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि वारणेच्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील असंख्य गावे वेढली गेली. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची होडी उलटली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या वृत्तांतून समोर आले. इंजिनावरचे सारे सेन्सर ठणठणीत असले, तरी होडीत किती जण बसले, किती जणांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट आहे आणि पाण्याखाली कोठे तारेचे कुंपण आहे, हे त्यांतील एकही सांगू शकत नाही.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्यात, तर आठवी गाझियाबादेत आहे. तरीही पुराच्या पहिल्या तासांत मदतीला येते ती बहुधा गावातली, ग्रामपंचायतीची किंवा शेजारच्या तांडेलाची होडी. तिच्यावर आज ना उद्या संगणक-नियंत्रित इंजिन येणार आहे. मे महिन्यातच ताजे पेट्रोल भरणे, पंपाची रबरी पाती बदलणे, बॅटरी आणि अर्थिंग तपासणे, गार इंजिनावरील आकडे वहीत टिपून ठेवणे आणि चालकाला प्रत्येक शिटीचा अर्थ सांगणे, एवढी तयारी गावपातळीवरही सहज करता येते. मे महिन्यात वहीत टिपलेले हे आकडे पुराच्या दिवशी समोर असतील, तर इंजिन का मंदावले हे अंदाजाने ठरवण्याची वेळ चालकावर येणार नाही.